जनावर बुजरे आहे

माझ्या हुद्द्याचं नाव कागदावर सॅनिटरी इन्स्पेक्टर. कोल्हापूरच्या पेठेत त्याचं ‘शिनेट्री’ झालं, आणि नोकरीची तीसेक वर्षं मी गल्लीच्या तोंडाशी आलो की ‘शिनेट्री आला’ ही वर्दी माझ्याआधी चार घरं पुढं पोचलेली असायची. वर्दी मिळाली की दारातली राखेची बुट्टी आत जायची, आणि मी पुढं सरकलो की परत बाहेर यायची. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘खात्यातले अनुभव लिहा’ म्हटल्यावर आमची मंडळी म्हणाली, लोक फराळाचं ताट मांडीवर घेऊन वाचणार आहेत, जरा बेतानं लिहा. बेतानंच लिहितो. पण गटारात आयुष्य काढलेला माणूस गटाराबद्दलच बोलणार, त्याला माझा इलाज नाही.

लोकांना वाटतं, शिनेट्री म्हणजे झाडूवाल्यांवर ओरडणारा माणूस. ओरडायचो, नाही म्हणत नाही. पण हे काम मुळात नाकाचं. सकाळी सहाला हजेरी घ्यायची, मुकादमाला गल्ल्या वाटून द्यायच्या आणि मग आपला वॉर्ड पायी तुडवायचा. तुंबलेल्या गटाराचा वास वेगळा, शेण पडून कुजलेल्या गटाराचा वेगळा, आणि मेलेली घूस कुणाच्या पायरीखाली आहे हे तर मी डोळे मिटून सांगायचो. घाण सापडली की मालकाला नोटीस द्यायची. नोटिशीनं घाण जाते असं कायद्याला वाटतं. माझ्या वॉर्डात एका गृहस्थांच्या खिडकीची काच फुटली होती, तिथं त्यांनी माझ्याच नोटिसा एकावर एक चिकटवल्या होत्या. चांगला जाड पुठ्ठा तयार झाला होता, थंडीवाऱ्याचं काम भागत होतं. एक निवृत्त हेडमास्तर होते, त्यांनी माझी नोटीस लाल शाईनं तपासून परत पाठवली. ‘उकीरडा’ नव्हे, ‘उकिरडा’. तेव्हापासून माझा तो शब्द कधी चुकला नाही, त्यांचा उकिरडा मात्र होता तिथंच राहिला.

आणि आमच्या खात्याचं ब्रह्मास्त्र म्हणजे पांढरी पावडर, ब्लीचिंगची. जंतू मारते, यात वाद नाही. पण खरं सांगायचं तर निम्मी पावडर जंतूंसाठी पडते आणि निम्मी साहेबांसाठी. कुणी मोठा माणूस फेरीला येणार म्हटलं की आमचा पहिला हात पावडरीच्या पोत्यात. रस्त्याच्या दोन्ही कडांना सरळ पांढऱ्या रेघा ओढल्या की साहेबाला काम झाल्यासारखं दिसतं. ही सवय मला कुणी शिकवली नाही आणि मीही कुणाला शिकवली नाही, ती खात्यात शिरल्यावर आपोआप लागते. याच सवयीनं माझ्या हातून जे झालं ते आज लिहिणार आहे.

ही गोष्ट सत्तर सालानंतरची. माझ्या वॉर्डात एक तालमीची गल्ली होती. गल्लीच्या तोंडाला तालीम, तालमीसमोर दगडी कट्टा, कट्ट्याच्या शेजारी सार्वजनिक नळ. आमच्याकडं नळाला चावी म्हणतात. गल्लीतल्या निम्म्याहून जास्त घरांचं पाणी त्या एका चावीवर. कट्टा होता दुधाचा. बाहेरगावच्या माणसाला हे सांगावं लागतं, कारण बाहेरगावी दूध बाटलीतनं येतं. आमच्याकडं गिऱ्हाईक तांब्या घेऊन कट्ट्यावर येतं, त्याच्यासमोर म्हैस उभी राहते, त्याच्यासमोर धार निघते. कोल्हापूरचा माणूस बाकी कशावरही विश्वास ठेवील, पण डोळ्यांदेखत न काढलेल्या दुधावर ठेवणार नाही.

या कट्ट्यावर पार्वताक्काच्या तीन म्हशी सकाळ-संध्याकाळ उभ्या राहायच्या. अक्का सीमेकडची, माहेर कानडी मुलखातलं. कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाचा दोरा, आवाज असा की ती कट्ट्यावरून बोलली तर चावीवरच्या बायका घागर खाली ठेवून ऐकायच्या. नवरा लवकर गेला. मूलबाळ नाही. तीन म्हशी आणि तो कट्टा, एवढाच तिचा संसार. त्यातली चंद्री तिच्या जिवाची. कपाळावर पांढरा टिकला, शिंगं मागं वळून मानेला टेकलेली. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून रस्त्यानं पळवतात, मालकानं पुढं धावायचं आणि म्हशीनं त्याच्या हाकेवर मागून यायचं. फटाक्यांच्या माळा दोन्ही बाजूंनी फुटत असतात, ताशे वाजत असतात. त्या गदारोळात अक्का पन्नाशीची बाई कासोटा मारून पुढं धावायची आणि चंद्री कान न हलवता तिच्या मागं. गडी माणसांच्या म्हशी बिथरायच्या, अक्काची नाही. तालमीचे वस्ताद शामराव तर म्हणायचे, आमच्या पोरांनी कुस्तीत नजर कशी ठेवायची ते चंद्रीकडनं शिकावं.

म्हशी राहायच्या गल्लीतच, कट्ट्यामागच्या गोठ्यात. तिथलं शेणमूत धुऊन यायचं गटारात, गटार जायचं चावीखालून. एका उन्हाळ्यात गल्लीत कावीळ आली. आज या घरात, उद्या त्या घरात. सुशीलाकाकू म्हणून चावीवरच्या पुढारी होत्या, त्यांच्या नातवाला झाली, आणि पोरगं पंधरा दिवस अंथरुणाला खिळून हळदीसारखं पिवळं पडलं. मी चावीखालचा खड्डा उपसून बघितला. नळीचा सांधा गटाराच्या पाण्यात बुडालेला. आता नळाला पाणी येतं दिवसातनं दोन वेळा. पाणी गेलं की रिकामी नळी आत ओढ घेते, आणि सांधा ढिला असेल तर बाहेर जे असेल ते आत जातं. म्हणजे सकाळी पहिली घागर भरणाऱ्या बाईला आपण गटार पाजत होतो. हे मी सुशीलाकाकूंना समजावून सांगितलं आणि त्या तिथंच पायरीवर बसल्या. पहिली घागर रोज त्यांचीच असायची.

त्यांनीच अर्ज दिला, चाळीसभर सह्या घेऊन. गोठा हलवा, कट्टा बंद करा. अर्जावर सह्या करणारे सगळे अक्काचं दूध घेणारे, ही गंमत वेगळीच. आमचे आरोग्याधिकारी डॉक्टर होते, शिस्तीचे, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला विचारलं, गल्लीचं म्हणणं काय? मी म्हटलं, गल्लीला कावीळ नको आहे आणि दूध पाहिजे आहे. ते म्हणाले, मग गल्लीलाच बसवा आणि विचारा. एक महिना देतो. महिन्यानं मी स्वतः येऊन बघणार. कट्टा स्वच्छ दिसला तर परवाना, नाहीतर वॉर्डात म्हैस दिसता कामा नये.

तालमीत बैठक बसली. मी इतक्या बैठका बसवल्या, पण अशी पुन्हा झाली नाही. तांबड्या मातीच्या हौद्याभोवती बायका एकीकडं, पैलवान एकीकडं, मधे वस्ताद आणि शेवटी दाराशी उंबऱ्यावर अक्का. तासभर नुसती भांडणं झाली. मग अक्का उठली आणि म्हणाली, गोठा मी नदीकडं नेते, म्हशी फक्त धारंच्या वक्ताला चालवत आणते, धारा झाल्या की लगेच परत नेते. गोठा हलवायचा म्हणजे पंचगंगेपासून दिवसातनं दोन वेळा तीन जनावरं घेऊन चालत यायचं, त्या वयात. मग वस्ताद म्हणाले, गटार आमची पोरं खणून चावीपासनं लांब वळवतील. आणि सुशीलाकाकू म्हणाल्या, कट्टा आम्ही बायका धुऊ. अक्कानं एकच अट घातली. पावडर टाकायची ती धारा झाल्यावर, आधी नाही. त्या वासानं म्हस पान्हा चोरते. पान्हा चोरणं म्हणजे दूध कासेत असूनही न सोडणं. मी मान डोलावली, पण वहीत लिहून घेतलं नाही. बाकी सगळं लिहिलं होतं.

धुण्याचं वेळापत्रक करायचं काम माझ्याकडं आलं. मी आपला कचेरीतला माणूस. छान पुठ्ठ्यावर चौकोन आखले, घरांची नावं घातली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘गल्लीतील महिलांच्या पाळीचा तक्ता’. चावीच्या वर भिंतीला टांगला आणि दुसऱ्या वॉर्डात गेलो. तासाभरानं परत आलो तर चावीवर बायका तोंडाला पदर लावून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. माझ्याकडं बघून आणखी हसायच्या. मला उलगडेना. शेवटी सुशीलाकाकू म्हणाल्या, इन्स्पेक्टरसाहेब, तुमच्या मंडळींना घरी जाऊन एकदा वाचून दाखवा. घरी गेलो, मंडळींना सांगितलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटेच जाऊन ‘पाळी’ खोडून ‘वार’ केलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मला एकदा हसल्यावर बायकांना माझी भीती राहिली नाही, आणि भीती गेल्यावर कामं झपाट्यानं होऊ लागली. एवढ्या वर्षांत नोटिशीनं न झालेलं काम त्या एका चुकीच्या शब्दानं झालं, हे मी पुढं नव्या इन्स्पेक्टरांना आवर्जून सांगायचो.

महिना खरोखर चांगला गेला. पैलवानांनी गटार वळवलं, सांध्याला मी नवी नळी बसवून घेतली. अक्का सकाळी म्हशी घेऊन यायची तेव्हा बुट्ट्या तयार असायच्या. शेण पडलं की उचललं. धारा झाल्या, म्हशी गेल्या की ज्यांचा वार त्या दोघी कट्टा धुवायच्या, आणि मग मुकादम गटाराला पावडर मारायचा. गल्लीत ईर्षाच लागली, कुणाच्या वाराला कट्टा जास्त लख्ख. नवीन कावीळ झाली नाही. सुशीलाकाकूंचा नातू उठून खेळायला लागला. मी घरी जाऊन सांगायचो, नोकरीचं सार्थक झालं. आमची मंडळी म्हणायची, अजून डॉक्टर यायचेत.

डॉक्टर येणार त्या दिवशी मी साडेपाचलाच गल्लीत. कट्टा असा धुतला होता की त्यावर जेवावं. कुठं काही करायला शिल्लक नव्हतं, आणि तेच मला सोसवेना. साहेब येणार आणि आपल्या खात्याची खूण कुठंच दिसत नाही म्हणजे काय. मुकादमाला म्हटलं, पोतं आण. तो म्हणाला, धारा व्हायच्यात अजून. मी म्हटलं, आण म्हणतो ना. रस्त्याला दोन्ही बाजूंनी रेघा मारल्या. कट्ट्याभोवती चौकोन काढला. आणि हात सुटल्यावर म्हशी उभ्या राहतात त्या ओल्या फरशीवरही पसरली, माझ्या स्वतःच्या हातानं. ओल्यावर पावडर पडली की वास दुप्पट उसळतो. मला तो वास स्वच्छतेचा वाटत होता.

डॉक्टर आले. वस्ताद आले, सुशीलाकाकू आल्या, सगळी गल्ली तांबे घेऊन उभी. डॉक्टरांसाठीही मी एक तांब्या आणवला होता. अक्का चंद्रीला आणि तिच्या रेडकाला घेऊन आली आणि कोपऱ्यावर चंद्री थांबली. नाक फेंदारलं. अक्कानं चुचकारून कट्ट्यापाशी आणली, रेडकू सोडलं, कास धुतली, बसली. दूध नाही. रेडकानं ढुश्या मारल्या. दूध नाही. चंद्रीनं मागचा पाय आपटला आणि कट्ट्यावरची चरवी खणाणत रस्त्यावर गेली. अक्कानं खाली बघितलं. फरशीवरची पावडर बोटाला लावून वास घेतला. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे होते.

डॉक्टरांनी विचारलं, काय झालं?

अक्का म्हणाली, ‘‘काय न्हाय साहेब. नवी माणसं बघून म्हस बुजली.’’

ती मला वाचवत होती, हे मला त्याच क्षणी कळलं. तिला वाटलं असणार, थोडक्यात निभेल. पण डॉक्टरांनी खिशातनं पेन काढलं. ते म्हणाले, इथनं शाळेची पोरं जातात, बायका पाण्याला येतात. माणसं बघून बुजणारं जनावर या चौकात कसं चालेल? आणि त्यांनी तिथल्या तिथं फाईलवर शेरा मारला. ‘जनावर बुजरे आहे. वर्दळीच्या ठिकाणी धोकादायक. परवाना देता येत नाही.’ अक्कानं माझ्याकडं परत बघितलं. वस्तादांनी बघितलं. मी बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण माझ्या बढतीचा कागद त्याच डॉक्टरांच्या टेबलावर होता, आणि साहेबांना पावडर आवडते असं मानून मी जी अक्कल पाजळली होती ती त्यांच्यासमोर कबूल करायची मला लाज वाटली. मी हात पाठीमागं नेले. मग डॉक्टरांनी दिलेली फाईल बगलेत घेऊन त्यांच्या मागनं निघालो.

पुढचे पंधरा दिवस मी त्या गल्लीत जायचं टाळलं. मुकादमाला पाठवायचो. अक्काकडं आता गल्लीतला गोठा नव्हता, कारण तो तिनं आपणहून सोडला होता, आणि कट्टाही नव्हता. नदीकाठी दूध काढून डेअरीला घालायचं, एवढंच उरलं, तिची गिऱ्हाइकं गेली. शेवटी जावं लागलं तेव्हा गेलो. कट्टा रिकामा होता आणि दोन बायका तो घासून धूत होत्या. त्यांचा वार होता. कट्ट्यावर शेण नव्हतं, म्हैस नव्हती, तरी धूत होत्या. सुशीलाकाकू चावीपाशी उभ्या होत्या. त्यांनी मला शांतपणे विचारलं, आता आम्ही नेमकं काय धुतोय तेवढं सांगा.

वस्तादांनी मला तालमीत बोलावलं. चंद्री वडगावच्या बाजारात गेली, म्हणाले. शेरा तिच्यावर होता, ती असेपर्यंत कट्टा परत मिळणार नाही असं अक्कानं धरलं. बुजऱ्या म्हशीला कोण भाव देतो? साहेबांचा शेरा म्हशीच्या आधी बाजारात पोचला होता. कबनूरच्या एका यंत्रमागवाल्यानं नेली, पडेल त्या भावात. मग ते म्हणाले, ‘‘पावडर कुणी टाकली ते आख्ख्या गल्लीला ठावं हाय. अक्कानंच आमाला गप बसवलंय. म्हणाली, त्यो सांगंल, त्येला जरा वेळ द्या.’’

मी तालमीतनं निघालो तो सरळ कचेरीत गेलो. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि एवढंच म्हणाले, लेखी द्या. लेखी म्हणजे काय हे नोकरीतल्या माणसाला सांगायला नको. मी तिथंच बसून दिलं. डॉक्टरांनी मला ताकीद दिली, तिची नोंद सर्व्हिस बुकात झाली, आणि बढती पुढं ज्याची व्हायची त्याची झाली. पण त्यांनी शेरा रद्द केला आणि कट्ट्याला परवाना दिला, तोही त्याच दिवशी. तो हुकूम घेऊन मी नदीकडं गेलो.

अक्का गोठ्यात म्हशींसाठी आंबोण कालवत होती. दोन म्हशी बांधलेल्या, तिसऱ्या खुंट्याला काही नाही. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी उभ्यानं हुकूम वाचून दाखवला. ‘सदर म्हैस बुजरी नसून, निरीक्षकाने धारेपूर्वी अकारण पसरलेल्या पावडरीच्या वासाने तिने दूध दिले नाही, असे आढळून आले आहे.’ अक्का म्हणाली, तेवढं परत वाचा. मी परत वाचलं. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

‘‘म्हस न्हवती बुजली,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी बुजलासा.’’

मी व्हय म्हटलं. दुसरं काय म्हणणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं ते बघितलं न बघितल्यासारखं केलं. मग तिनं कागदावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे सदर कोण? मी सांगितलं, सदर म्हणजे ती, म्हणजे आपली चंद्री. अक्का म्हणाली, माझ्या म्हशीचं नाव सदर न्हाय. सदर म्हशी गावात हजार असतील. तिचं नाव घाला. मी सांगितलं, अक्का, सही झालेल्या सरकारी कागदात आता काही घालता येत नाही, तो गुन्हा आहे. आता कट्टा मिळाला, दोन म्हशी आहेत, तिसरी घेता येईल, नावाचं काय एवढं?

तेव्हा तिनं सांगितलं. ती कबनूरला जाऊन आली होती, चंद्रीला बघायला. ‘‘तिथं तिला दोन दाव्यांनी बांधत्यात, साहेब. बुजरी म्हणून. मान वळवाय येत न्हाय तिला.’’

मी पेन काढलं. ‘सदर म्हैस’ या शब्दांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘चंद्री, कपाळावर पांढरा टिकला’ असं लिहिलं आणि शेजारी स्वतःची सही ठोकली. नोकरीत मी सरकारी कागदात केलेली ढवळाढवळ ती तेवढीच. अक्कानं दोन्ही म्हशी शेजारणीवर सोपवल्या आणि आम्ही दोघं दुपारची एसटी धरून कबनूरला गेलो.

मागवाल्याचं घर मागांच्या शेडला चिकटून. भिंतीपलीकडं वीसभर माग एका दमात खडखडत होते. आपलं बोलणं आपल्याला ऐकू येईना. त्या भिंतीला टेकून चंद्री रवंथ करत बसली होती, गळ्यात एक दावं, शिंगांना दुसरं. अक्काला बघून उठायला गेली आणि शिंगांचं दावं ताणलं. मी मालकाला हुकूम वाचून दाखवला, ओरडून ओरडून. म्हटलं, बघा की, एवढ्या आवाजात जनावर कान हलवत नाही, ही बुजरी कशी? तो म्हणाला, दोन दाव्यांनी बांधलीय म्हणून गप हाय.

मग त्यानं कागद माझ्या हातातनं घेतला. शिक्का बघितला, सही बघितली, वर लिहिलेलं नाव बघितलं. चंद्रीच्या कपाळावरचा टिकला बघितला. नाव कुणी लिहिलं, त्यानं विचारलं. मी म्हटलं, मी. पावडर कुणी टाकली? मी म्हटलं, ती पण मीच. तो अक्काकडं बघत राहिला. मग खाली वाकला आणि शिंगांचं दावं सोडलं. चंद्रीनं मान वळवली.